मोडीची वाहतूक : बैलगाडीपासून छोट्या ट्रकापर्यंत

यंदाच्या स्मरणिकेसाठी ज्ञातीच्या इतिहासावर काही लिहून द्यावे, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा मूळपुरुष, कुलदैवते, गोत्रे, पेशवाईतील मानपान असे नेहमीचे विषय डोळ्यांपुढे आले. त्यांवर मजहून अधिकारी व्यक्तींनी यापूर्वी पुष्कळ लिहिले आहे. प्रस्तुत लेखक हा जुनी अकरावी, म्हणजे मॅट्रिक, झालेला एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. ताम्रपट वाचण्याची विद्या मजपाशी नाही. तथापि तांबे ज्या गाड्यांतून आले आणि गेले, त्या गाड्यांचे हिशेब मात्र मजपाशी आहेत. तीर्थरूपांच्या दोन व थोरल्या बंधूंच्या अकरा वह्या आमच्या माळ्यावर होत्या. निवृत्तीनंतर त्या खाली काढून झटकल्या व वाचल्या. त्या वाचताना असे दिसून आले की, आपल्यापैकी अनेक घरे ज्या कर्जात बुडाली ते कर्ज लग्नकार्यांपेक्षा गाड्यांपायी अधिक झाले होते. म्हणून हा लेखनप्रपंच.

तरुण मंडळींसाठी प्रथम एक खुलासा केला पाहिजे. मोड म्हणजे फुटके, झिजलेले, वापरातून गेलेले भांडे. हंड्याला भोक पडले अथवा परात चिरली, की ती कासाराच्या दुकानी न्यावयाची, काट्यावर घालावयाची, मोडीच्या भावाने तिची किंमत धरावयाची आणि वरचे पैसे भरून नवे भांडे घ्यावयाचे, अशी महाराष्ट्रात घरोघरी रीत होती. ही मोड कासाराकडून आपल्या आळीत येई, वितळविली जाई आणि पुन्हा पत्रा होऊन हातोड्याखाली जाई. पुण्याच्या तांबट आळीला तांब्याची खाण कधीच नव्हती; गावोगावची मोड हीच आपली खाण. अर्थात खाणीतला माल घरी कसा आणावयाचा, हा प्रश्न आपल्या धंद्याला पहिल्यापासून चिकटलेला आहे.

घाट उतरून गाडी जाऊ शकेल असा रस्ता नव्हता तोवर सर्व जड माल लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून ये-जा करी. बोरघाटातील गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. पुढे १८५८ साली खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत आगगाडी आली, आणि १८६३ साली घाटातील लोहमार्ग पुरा होऊन मुंबई व पुणे सलग जोडली गेली. मुंबई बंदरात उतरणारा विलायती तांब्याचा पत्रा त्यानंतर आळीत मुबलक येऊ लागला. मोड मात्र रेल्वेने फारशी आली नाही. ती एका ठिकाणी ढिगाने मिळत नसे. सासवडला चार हंडे, जेजुरीला दोन घागरी, बारामतीच्या बाजारात पोतेभर, अशी ती विखुरलेली असे. तिला गावोगाव थांबणारी बैलगाडीच हवी होती.

या बैलगाडीची आज आपण कीव करतो. पण वडिलांच्या वहीतील पहिली काही पाने वाचल्यावर माझे मत पालटले. गाडी जाताना नवी भांडी घेऊन जाई व येताना मोड घेऊन येई. दोन्ही वाटांना तिच्यावर माल असे. मुक्कामाला गावच्या कासाराची ओसरी मिळे. गाडी एखादा दिवस उभी राहिली तरी बैलांच्या वैरणीपलीकडे खर्च चढत नसे, आणि पाऊस लागला की बैल शेतात जुंपले जात. गाडी लहान होती, परंतु मालही तेवढाच होता. गाडीचे माप व मालाचे माप यांचा असा मेळ आमच्या घरात पुढे जवळजवळ चाळीस वर्षे पुन्हा बसला नाही.

मोटार ट्रक मुंबई इलाख्यात दिसू लागले ते विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीस जुळणीचा कारखाना काढला व शेवरलेट ट्रक तेथे जोडले जाऊ लागले. फोर्डही लवकरच आली. आपल्या आळीतील कोणी असा ट्रक त्या काळी विकत घेतल्याची नोंद मजजवळ नाही. लागला तर भाड्याने घेत. मग दुसरे महायुद्ध आले, पेट्रोलचे रेशनिंग झाले आणि मागे शेगडीसारखी टाकी लावून कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या गाड्या रस्त्यावर आल्या. वडील सांगत की, चढ आला म्हणजे अशा गाडीतील उतारू खाली उतरत आणि गाडी ढकलून झाल्यावर काळी तोंडे घेऊन पुन्हा चढत.

युद्ध संपल्यावर लष्कराचे हजारो ट्रक विक्रीस निघाले. त्यांस लोक ‘डिस्पोजलच्या गाड्या’ म्हणत. किंमत ऐकून भल्याभल्यांस मोह पडला. आमचे वडील, चुलते व आळीतील आणखी एक गृहस्थ यांनी मिळून १९४७ साली असा एक तीन टनी ट्रक घेतला. चारही चाकांना जोर असलेली, वाळूतून व चिखलातून तोफा ओढण्यासाठी बनविलेली ती गाडी! आळीत आणली त्या दिवशी तिची पूजा झाली, पेढे वाटले गेले आणि मुलांना कसब्यातून एक फेरी मारून आणण्यात आले, असे वहीत नमूद आहे. पेढ्यांचा खर्चही लिहिला आहे.

पुढील पाने वाचवत नाहीत. गाडी पेट्रोलवर चालणारी. एका गॅलनला जेमतेम आठ मैल जाई. साताऱ्याची जाऊन-येऊन फेरी सुमारे १४० मैलांची, म्हणजे साडेसतरा गॅलन पेट्रोल एका फेरीला. एवढे जाळून गाडी साताऱ्यास जाई, आणि तीन टनांच्या त्या हौद्यात परत येताना मोड असे अर्धा टन, फार तर पाऊण टन. जेथे मोड होती तेथे ती नेहमीइतकीच होती. ट्रक मोठा घेतला म्हणून साताऱ्याच्या बायकांच्या घागरी काही लवकर फुटत नव्हत्या! शिवाय गाडी कसब्यातील बोळात शिरत नसे. माल बाहेर उतरवून हातगाडीने आत आणावा लागे, म्हणजे हमाली दोनदा. सुटे भाग मिळवावयाचे तर दुसरी डिस्पोजलची गाडी मोडावी लागे. १९५० साली तिघा भागीदारांनी ती मोडीत काढली. इंजिन एका बागाईतदाराने विहिरीवर पाणी उपसण्यासाठी नेले, आणि उरलेला सांगाडा लोखंडाच्या भावाने गेला. चुलत्यांचे व वडिलांचे बोलणे त्यानंतर काही वर्षे बंद होते, हे वहीत नाही. ते मला आईने सांगितले.

दरम्यान देशात मोटारधंद्याची घडी बसत होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून डॉज व फार्गो ट्रक निघू लागले. जे कारखाने केवळ परदेशी भागांची जुळणी करतात व येथे उत्पादन करण्याचा कार्यक्रम आखत नाहीत, त्यांनी धंदा आवरावा, असे धोरण सरकारने १९५३ साली स्वीकारले. त्यामुळे फोर्ड व जनरल मोटर्स यांनी येथील गाशा गुंडाळला. १९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपुरास डिझेल ट्रक बनविण्यास प्रारंभ केला. नाकावर तीन टोकांची चांदणी असलेला तो ट्रक पुढे पंधरा वर्षे रस्त्यावर राज्य करीत होता. करार १९६९ साली संपला, तेव्हा चांदणीच्या जागी टाटांचे ‘टी’ अक्षर आले.

डिझेलने काय पालट घडविला हे थोडे सांगितले पाहिजे, कारण पुष्कळांची समजूत अशी की डिझेल स्वस्त म्हणून डिझेलची गाडी स्वस्त. ते अर्धेच खरे. पेट्रोलच्या इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण ठिणगीने पेटते. त्या काळी ते मूळ आकाराच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतकेच दाबता येत असे, अधिक दाबल्यास अवेळी भडका उडे. डिझेलच्या इंजिनात केवळ हवा दाबली जाते, तीही सोळा-अठरा पटींपर्यंत. ती इतकी तापते की फवारलेले तेल आपोआप पेट घेते. दाब जितका अधिक तितके त्याच उष्णतेतून काम अधिक निघते. शिवाय लिटरमागे डिझेलमध्ये उष्णताही पेट्रोलपेक्षा थोडी जास्त असते. म्हणून तेवढ्याच इंधनात डिझेलचा ट्रक लांब जातो. उलट पक्षी हे इंजिन जड, महाग, आणि तेलातील कचऱ्याने त्याचा पंप व नोझल लवकर बिघडतात. रोज पुरेसे मैल चालली तरच डिझेलची गाडी आपली जादा किंमत फेडते. आठवड्यातून दोनदा निघणारी गाडी ती कधीच फेडीत नाही.

आपल्यासारख्या लहान व्यापाऱ्यांच्या दृष्टीने मोठी घटना घडली ती १९५८ साली. त्या वर्षी बजाज टेम्पो ही कंपनी निघाली आणि हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याच्या सहकार्याने हंसिएट नावाची तीन चाकांची मालगाडी बनवू लागली. हे नाव कोणाच्याच जिभेवर बसले नाही. लोकांनी कारखान्याचे नाव उचलले, आणि आज कोणत्याही छोट्या मालवाहू गाडीला आपण टेम्पो म्हणतो. ही गाडी वळणावर कलंडे, आवाज फार करी, परंतु ती बोळात शिरे. तांबट आळीच्या दारापर्यंत यंत्राने माल आला तो या गाडीतून. १९६९ साली त्याच कंपनीची चार चाकांची मॅटेडोर आली.

परंतु माल आणण्याची सोय झाली त्याच सुमारास आपल्या मालाचे दिवस फिरले. आधी ॲल्युमिनियम, ज्यास बायका ‘जर्मन’ म्हणत, आणि मागोमाग स्टेनलेस स्टील. कल्हई नको, चिंच लावून घासणे नको. १९६०नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत गावोगावच्या फडताळांतून तांबे-पितळ खाली उतरले आणि मोड होऊन बाजारात आले. आळीत हातोड्याचा आवाज कमी होत गेला. ज्यांनी भांडी घडविली त्यांची मुले तीच भांडी मोडीच्या भावाने विकत घेऊ लागली. आमचे थोरले बंधू, ज्यांस आम्ही दादा म्हणत असू, त्यांपैकीच एक. दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. मठारकाम त्यांना उत्तम येत असे. पण पोट त्यावर भरेना, म्हणून त्यांनी मोडीचा व भंगाराचा व्यापार धरला.

१९७२ साली महाराष्ट्रात जो दुष्काळ पडला तो माझ्या पिढीच्या लक्षात आहे. मी शाळेत होतो. मिलो नावाची लाल ज्वारी व सुकडी हे शब्द तेव्हाचे. त्या वर्षी व पुढल्या उन्हाळ्यात मोड एवढी आली की दादांना ती ठेवावयास जागा पुरेना. त्यांत फुटकी भांडी थोडी होती. चांगली, धडधाकट, लग्नात आलेली, काठावर टिंबांनी नाव घातलेली भांडी पोत्यांतून येत होती. लोक ज्वारीसाठी घागरी विकत होते. सुट्टीत दादांना मदत करताना मी ती नावे वाचीत असे. एकदा एका हंड्यावर मठाराची जी ठेवण दिसली ती पाहून वडिलांनी हंडा बाजूला काढून ठेवला. तो त्यांच्या वडिलांच्या हातचा होता. त्याचे पैसे त्यांनी दादांच्या गल्ल्यात स्वतः भरले.

दादांनी ढीग पाहिला आणि हिशेब केला. सव्वीस-सत्तावीस वर्षांचे वय. १९७३च्या उन्हाळ्यात त्यांनी एक जुना, आठ टनी मोठा ट्रक घेतला. गाडीचा कारखाना व कर्ज देणारी पेढी यांची नावे सांगण्याचे कारण नाही. दोष त्यांचा नव्हता. राहत्या घराच्या दोन खोल्या गहाण पडल्या. नगर, बीड, उस्मानाबाद या बाजूने माल भरभरून आणावयाचा असा बेत होता. पाच महिने गाडी खरोखरच भरून आली. तो पावसाळा बरा झाला. दसऱ्यानंतर गावांतून मोड येईनाशी झाली. ज्यांनी विकावयाची ती विकून झाली होती, आणि ज्यांच्याजवळ उरली होती त्यांना आता विकण्याची गरज नव्हती. त्याच ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेलाची कोंडी केली व इंधनाचे भाव चढू लागले. गाडी आठ टनांची, माल दोन टनांचा, हप्ता मात्र पूर्वीचाच.

दादांनी नंतर मला सांगितलेले वाक्य मी त्यांच्याच शब्दांत देतो : “मी ट्रक मोडीसाठी घेतला नाही, मी तो दुष्काळासाठी घेतला, आणि देवाने दुष्काळ थांबवला.” १९७६ साली गाडी तोट्यात विकली. वहिनींच्या पाटल्या गेल्या. मी १९७७ साली नोकरीस लागलो, तेव्हापासून सहा वर्षे माझ्या पगाराचा निम्मा भाग त्या देण्यात जात होता. याची मला खंत नाही. पण त्यामुळेच गाडीचा हिशेब म्हणजे काय हे मी शिकलो. रविवारी सकाळी दादा आकडे सांगत व मी वहीत मांडीत असे. त्या वह्यांतील सार येथे देतो.

पहिला मुद्दा असा की, भंगाराने गाडी दोन तऱ्हांनी भरते, वजनाने अथवा घेराने. एक घनमीटर घन लोखंडाचे वजन ७,८५० किलो असते. आठ टनांचे जाड तुकडे, म्हणजे कापलेले रूळ, आस, यंत्रांचे पाय, हौद्याच्या तळाशीच संपतात. वरचा सारा हौदा रिकामा दिसतो आणि आणखी टाकण्याचा मोह होतो. याउलट सुटा पत्रा, डबे, पिंपे यांचे वजन घनमीटरला दोनशे किलोही भरणे कठीण. चौदा फूट लांब, सात फूट रुंद आणि पाच फूट उंच हौद्यात सुमारे चौदा घनमीटर जागा असते. त्यात सुटा पत्रा गच्च भरला तरी माल पावणेतीन टनांच्या आसपास. म्हणजे आठ टनी गाडीने पाच टन हवा वाहून नेली. यासाठीच आपले वाडवडील घागरी ठोकून चपट्या करून मगच गाडीत घालीत. आता पत्र्याचे गठ्ठे दाबून बांधणारी यंत्रे आली आहेत. ज्याच्या आवारात असे यंत्र आहे त्याला निराळी गाडी परवडते, ज्याच्याकडे नाही त्याला निराळी. गाडी पाहावयास जाण्यापूर्वी आपला माल कोणत्या जातीचा, हे आधी पाहिले पाहिजे.

दुसरा मुद्दा इंधनाचा. दुकानदार विचारतो, गाडी लिटरला किती जाते? हा प्रश्नच अपुरा आहे. दादांच्या वह्यांवरून आमच्या गाड्यांचे ढोबळ आकडे असे : मोठा ट्रक पूर्ण भरून लिटरला चार किलोमीटर, आठ टन मालासह. म्हणजे एका लिटरात बत्तीस टन-किलोमीटर काम झाले. पुढे घेतलेला छोटा ट्रक दोन टन मालासह लिटरला नऊ किलोमीटर, काम अठरा. पुतण्याची अगदी लहान गाडी पाऊण टनासह लिटरला अठरा, काम साडेतेरा. या हिशेबाने मोठा ट्रकच सर्वांत काटकसरी, आणि ते खरेही आहे, मात्र भरलेला असेपर्यंत! त्याच मोठ्या ट्रकात दोन टनच घातले तर तो फार तर लिटरला पाच किलोमीटर जातो, आणि काम दहावर येते. सर्वांत लहान गाडीपेक्षाही ते कमी. अन् येताना गाडी रिकामी आली तर यातलेही निम्मे वजा करा.

म्हणूनच जालन्यासारख्या ठिकाणी मोठे ट्रक व त्याहूनही मोठ्या अनेक आसांच्या गाड्या परवडतात. तेथील विजेच्या भट्ट्यांत भंगार वितळवून बांधकामाच्या सळया होतात; जाताना भंगार, येताना सळई. दोन्ही वाटांना वजनाचा माल. लोखंडाचा व्यापार करणाऱ्या मंडळींना माझा लहान गाडीचा उपदेश लागू नाही, हे स्पष्ट केलेले बरे. आपल्यातील अनेकांनी त्यांचे पाहून मोठ्या गाड्या घेतल्या व हात पोळून घेतले, कारण त्यांना सळई मिळाली व आपल्याला परतीचे काही मिळाले नाही.

जादा मालाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण ही सवय भंगाराच्या धंद्यात फार. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात खास रस्ते बांधून त्यांवर दोन वर्षे ट्रक फिरविण्यात आले. त्यातून निघालेला ठोकताळा असा की, आसावरील भार वाढतो त्याच्या सुमारे चौथ्या घाताने रस्त्याची झीज वाढते. भार एकपंचमांश वाढला तर झीज दुप्पट. भार दुप्पट झाला तर झीज सोळापट. हे रस्त्याचे झाले. गाडीचे पाटे, आस, टायर यांची कथाही फारशी निराळी नाही. खंबाटकी चढताना दादांच्या गाडीचा मागला पाटा तुटला, त्या फेरीत दोन टन जादा होते. त्या दोन टनांतून जे मिळाले असते त्याच्या पाचपट पाट्याला, क्रेनला आणि तीन दिवसांच्या खोळंब्याला लागले. सरकारने २०१८ साली दोन आसांच्या ट्रकाचे कायदेशीर एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेले. परंतु २०१९च्या दुरुस्तीने केंद्रीय कायद्यात जादा भाराचा दंडही वीस हजार रुपये व वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार असा झाला. आता हा मोह कागदावरसुद्धा परवडत नाही.

बारीकसारीक गोष्टी वहीत पुष्कळ आहेत. लाकडी तळाच्या फळ्या धारदार तुकड्यांनी सहा महिन्यांत फाटतात, म्हणून तळाला जाड पत्रा ठोकून घ्यावा. त्याचे वजन वाढते ते सोसावे. फाळक्याचे बिजागर दर महिन्यास पाहावे. आवारात सांडलेल्या चुऱ्याने टायर चिरतात. दादांनी जुन्या लाउडस्पीकरांची चुंबके एका काठीला बांधली होती, ती काठी रोज सकाळी अंगणातून ओढीत. (पितळेचा चुरा तिला चिकटत नसे, तो झाडूनेच गोळा करावा लागे, आणि तोही विकला जाई.) घाट उतरताना वरच्या कड्यावरच खालचा गिअर घालावा, मध्ये नाही. चालकाला नेमका पगार वेळेवर द्यावा; ज्याचा पगार थकतो त्याच्या गाडीचे डिझेल वाटेत उडून जाते!

मोठा ट्रक गेल्यावर दहा-बारा वर्षे दादांनी स्वतःची गाडी घेतलीच नाही. भाड्याच्या मॅटेडोरवर काम चालविले. त्यांनी ठरविलेला नियम साधा होता. महिन्यातून वीस दिवस गाडीला पोटभर माल आपल्यापाशी आहे असे सलग वर्षभर वहीत दिसेल, तेव्हाच गाडी घ्यावयाची. आणि ते वर्ष दुष्काळाचे अगर दंगलीचे नसावे. असे वर्ष १९८८ साली पुरे झाले. टाटांचा ४०७ हा छोटा ट्रक १९८६ साली बाजारात आला होता. दादांनी तो १९८९ साली घेतला.

त्या गाडीने आमच्या घराची हरवलेली जुनी रीत परत आणली. पुण्याहून तांब्या-पितळेची मोड घेऊन ती मुंबईस पायधुणीच्या तांबा काट्याकडे जाई. तेथील गल्ल्यांत मोठ्या गाडीला वाव नव्हता; ही मात्र दारात जाऊन उभी राही. येताना आळीतील जी थोडी घरे अजून हातोडा धरून होती त्यांच्यासाठी, आणि कसब्याबाहेरच्या दोन-तीन कारखानदारांसाठी, तांब्याचा नवा पत्रा घेऊन येई. जाताना मोड, येताना पत्रा. जकात नाक्यावर अर्धा दिवस मोडे, तेवढाच त्रास. तांबे जड असल्याने दोन टनांत हौदा निम्माही भरत नसे, आणि लोक हसत की दादांची गाडी रिकामी धावते. दादा त्यांना हसू देत. गाडीचे कर्ज तीन वर्षांत फिटले. गहाण पडलेल्या खोल्यांचे कागद त्याआधीच सुटले होते, पण वहिनींच्या पाटल्या या गाडीच्या पैशातून झाल्या. त्याची नोंद वहीत ‘किरकोळ’ या सदरात आहे.

दादा २००३ साली निवर्तले. २००५ साली टाटांची एस ही दोन सिलिंडरांची, ७०२ घनसेंटिमीटर डिझेल इंजिनाची पाऊण टनी गाडी आली, जिला सारा महाराष्ट्र ‘छोटा हत्ती’ म्हणतो. पुतण्याने ती पुढल्याच वर्षी घेतली व ४०७ विकला. व्यापार शहरापुरता राहिला होता, त्यामुळे त्याचा निर्णय बरोबर होता असे वहीवरून दिसते. पुण्यातील जकात २०१३ साली गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर २०१५ साली बहुतेकांपुरता उठला, आणि २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. नाक्यावरचा अर्धा दिवस वाचला, त्याऐवजी घरी बसून संगणकावर बिल करावे लागते. २०२० पासून नव्या गाड्यांना प्रदूषणाचे कडक नियम लागले, त्यामुळे गाडी स्वच्छ झाली पण रस्त्याकडेच्या मिस्त्रीच्या हातची राहिली नाही. आता पुतण्या विजेवर चालणाऱ्या छोट्या गाडीचा विचार करीत आहे. शहरातल्या शहरात, रोज ठराविक फेरी, रात्री स्वतःच्या आवारात उभी, अशा कामाला ती जमेल असे मला वाटते. पण मी त्याला नवी वही घालण्यास सांगितले आहे, आणि तिचे अद्याप सातच महिने भरले आहेत.

केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले. नोंदणीकृत केंद्रांत गाडी द्यावयाची, प्रमाणपत्र घ्यावयाचे आणि नव्या गाडीच्या खरेदीत सवलत मिळवावयाची, अशी ती योजना. हे वाचून आमच्या घरातील मंडळींस मौज वाटली. जुने भांडे देऊन वरची रक्कम भरून नवे घेण्याची कासाराच्या दुकानातील रीतच ती. पुतण्याच्या छोट्या हत्तीची पाळी आता येणार आहे. तिचे वजन किती भरते ते वहीत लिहून ठेवण्यास मी त्याला सांगितले आहे.

वह्या मजकडेच आहेत. ज्ञातीतील जे कोणी गाडी घेण्याच्या विचारात असतील त्यांनी त्या अवश्य पाहाव्यात. रविवारी सकाळी दहापर्यंत मी घरी असतो. वह्या नेऊ देत नाही; येथेच बसून वाचावयाच्या. वडिलांनी बाजूला काढून ठेवलेला हंडाही त्याच खोलीत आहे.